बोरूचा कूड

आमच्याकडे सून सासऱ्याशी बोलत नाही. त्यांचं नाव घेत नाही, तोंडाकडे बघत नाही. काही सांगायचं असलं तर सासूमार्फत. मी शहरातून लग्न होऊन अमुदर्या नदीकाठच्या या गावात आले तेव्हा मला ते सोयीचंच वाटलं, कारण मामंजींची मला भीती वाटायची. उंच, तिरकस बोलणारा माणूस, आणि कोटाच्या खिशात कायम काहीतरी टोकदार.

त्या खिशामुळे ते गावभर ठाऊक होते. वाटेत पडलेलं काहीही उचलायचे. सायकलच्या ब्रेकच्या तारेची सशासाठी फासकी व्हायची. बाटलीचं तोंड कापून उलटं बसवलं की मासोळ्यांचा सापळा तयार. रानकोंबड्यांच्या फासक्यांना घोड्याच्या शेपटीचे केस लागत, त्यामुळे गावातले घोडेवाले त्यांना लांबून पाहिलं तरी घोडा वळवून घेत. पण त्यांची खरी कारागिरी पाण्यातली. बोरूचा कूड ते असा उभा करत की मासा काठाकाठाने पोहत आपणहून बदामाच्या आकाराच्या खोलीत शिरायचा आणि भिंतीला नाक घासत तिथेच फिरत राहायचा.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, पायही हळूहळू सावरला, पण उजवा हात गेला. अख्खा हिवाळा ते भिंतीला टेकून बसून राहिले. माझा नवरा सार्सेनबाय कझाकिस्तानात बांधकामावर होता. घरात आम्ही तिघंच.

वसंतात कालव्याला पाणी आलं. दोन कोरड्या वर्षांनंतरचं पाणी, त्यात मासे उड्या मारताना दिसायचे. मामंजी बायकोला म्हणाले, सुनेला सांग, बोरू कापून आण. अपांनी, म्हणजे सासूबाईंनी, मला सांगितलं. ते माझ्यापासून हातभर अंतरावर बसले होते, मी सगळं ऐकलं होतं, तरी अपांनी सांगेपर्यंत मी उठले नाही. असाच सगळा कारभार चालला. जाड बोरू वेगळा काढायला सांग. सोलू नको म्हणावं. खताच्या गोणीचे धागे उसवून घ्यायला सांग. निरोप पोचवून पोचवून अपा इतक्या वैतागल्या, की बहिणीकडे सुंतेचं बोलावणं आलं तेव्हा आदल्या दिवशीच निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं अंगणात बसलो होतो, मधे अर्धा बांधलेला कूड. निरोप न्यायला आता कोणी नव्हतं. मग मामंजींनी खुंट्याला बांधलेल्या शेळीकडे तोंड केलं.

"शेळीबाई," ते म्हणाले, "त्या पोरीला सांग, ही गाठ नाही, वेणीची रिबीन आहे. पहिला मासा हुंगेल आणि सुटेल."

मी मान खाली घालून हसू दाबलं. गाठ सोडली, पुन्हा मारली. त्यांनी पुन्हा शेळीला सांगितलं, धागा वरून नाही, खालून घ्यायचा. मग मीही शेळीला विचारलं, दोन पेरांच्या मधे बांधू की पेरावर? मामंजींनी खूप विचार करून शेळीला उत्तर दिलं. दुपारपर्यंत ती शेळी आमच्या घरातली सगळ्यात शहाणी बाई झाली होती. ज्वारीची भाकर आणि चहा झाल्यावर मी कुडाची एक पट्टी त्यांच्यापुढे उभी धरली. त्यांनी डाव्या हाताने ती ओढली, वाकवली, कान लावून करकर ऐकली आणि म्हणाले, चालेल. या वेळी शेळीकडे बघायचं विसरले.

संध्याकाळच्या आत कूड पाण्यात रोवायचा होता. मी सलवार खोचून मांडीभर पाण्यात उतरले, ते काठीने काठावरून जागा दाखवत होते. काठापासूनची भिंत उभी झाली, खोलीही झाली. मी आत उभी राहून तिचं तोंड आवळत होते तेवढ्यात वरच्या बाजूला कोणीतरी कालव्याचं दार उघडलं असावं. पाणी एकदम चढलं, त्याच्याबरोबर वाळक्या बोरूचा मोठा भारा वाहत आला आणि कुडावर आदळला. अख्खी भिंत माझ्या अंगावर कलली. पाय चिखलात रुतलेले. मी मागे पडले, नाकातोंडात पाणी गेलं.

"आयिमखान!" मामंजी ओरडले. "आयिमखान, काठी धर! माझ्याकडे बघ, बाळ, माझ्याकडे!"

लग्न झाल्यापासून त्यांच्या तोंडून मी माझं नाव ऐकलं नव्हतं. मी बघितलं. ते कमरेपर्यंत पाण्यात आले होते, लुळा हात कोटाच्या पट्ट्यात खोचलेला, डाव्या हाताने काठी पुढे केलेली. मी ती धरली. त्या एका हाताने त्यांनी मला ओढलं, मी पाय सोडवला, आणि आम्ही दोघं धडपडत काठावर येऊन चिखलात बसलो.

"लागलं का कुठे?"

"नाही," मी त्यांच्याकडे बघूनच म्हटलं. "तुम्ही कशाला उतरलात पाण्यात? पडला असतात तर मी काय केलं असतं?"

"भारा समजून ढकलून दिलं असतंस," ते म्हणाले.  मी माझी ओढणी पिळून त्यांचं तोंड पुसलं. त्यांनी पुसू दिलं.

कूड मोडला नव्हता. गाठी टिकल्या होत्या, नुसता कलला होता. भारा बाजूला सारून, पाणी जरा उतरल्यावर मी तो सरळ केला. आता ते थेट मला ओरडत होते, आणि मी थेट उलट उत्तरं देत होते.

सकाळी कुडाच्या खोलीत तीन मोठे कार्प फिरत होते आणि बोटाएवढी बरीच पिल्लं. पिल्लं मामंजींनी सोडायला लावली.

त्याच दुपारी अपा परतल्या. आम्ही चुलीपाशी मीठ किती घालायचं यावर वाद घालत होतो. त्या दारातच थांबल्या. त्यांनी एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. माझा चेहरा तापला, मी डोकं झाकून घेतलं.  मामंजींनी मात्र डाव्या हातातल्या पळीने माशाच्या पोटाचा सगळ्यात मऊ तुकडा उचलला, थोडा सांडला, आणि माझ्या वाडग्यात घातला.

अपांनी चपला काढल्या, आत येऊन बसल्या. "मलाही वाढ," त्या म्हणाल्या. "सुंतेच्या जेवणात नुसती हाडं होती."