किलिमांजारोवरची एकादशी

या हो, अशा पुढं सरकून बसा. बुवा अजून चहा घेताहेत, पेटीवाल्याचा पत्ता नाही, म्हणजे निदान अर्धा तास आपला आहे. तेवढ्यात एक गोष्ट सांगते. देवादिकांची नाही, आपल्यातल्याच एका माणसाची. आणि फुकट सांगत नाही बरं का, शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागणार आहे.

गोष्ट सर्जेरावांची. मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचा गाळा आहे त्यांचा. इथे नारायण पेठेत कीर्तनाला दर गुरुवारी यायचे, धोतर-टोपीत, आणि टाळ वाजवताना असे डोळे मिटायचे की शेजारचा माणूस उठून गेला तरी कळत नसे. वय त्रेसष्ट, अंगात साखर. मला ‘ताई’ म्हणायचे. सख्ख्या भावानं कधी म्हटलं नाही इतक्या मायेनं म्हणायचे.

आमची आणखी एक ओळख होती, ती पर्वतीच्या पायऱ्यांवरची. रोज पहाटे आम्ही काही जण पर्वती चढायचो. त्यात बुधवार पेठेत टॉर्च-बॅटऱ्यांचं दुकान असलेले शकीलभाई होते, आयटीतली शेफाली होती, आणि विक्रम होता. विक्रमनं नोकरी सोडून लोकांना डोंगरावर न्यायचा उद्योग सुरू केलेला. एक दिवस त्यानं किलिमांजारोचं काढलं.

“आफ्रिकेत आहे. ज्वालामुखी, पण झोपलेला,” तो म्हणाला. “सात दिवसांचा रस्ता. ज्वालामुखी झोपलाय म्हणून खूश होऊ नका, पाऊस जागा आहे.”

सगळे हसले. सर्जेराव हसले नाहीत. उतरताना मला म्हणाले, “ताई, मी येणार.”

त्यांच्या गावामागं एक टेकडी होती. गाव महापालिकेत आलं तेव्हा पायथ्याची जमीन त्यांनीच बिल्डरला दिली, आणि बघता बघता टेकडीचा अर्धा भाग गेला. रोज सकाळी खिडकीतून ती लाल भगदाड पाडलेली टेकडी दिसायची. “सही माझीच हाय,” ते म्हणाले. “एकदा असा डोंगर बघायचाय ज्याला जेसीबी लागत न्हाय. वर उभं राहायचं, पाया पडायचं, बास.”

एवढंच हवं होतं त्यांना. मला हे सगळं ठाऊक होतं, हे ध्यानात ठेवा.

डॉक्टरांनी परवानगी दिली ती एका अटीवर: जेवण वेळेवर, गोळ्या वेळेवर. विक्रमचा नियम त्याहून कडक. “रोज तिन्ही वेळा ताट रिकामं दिसलं पाहिजे मला. ताटात उरलं की माणूस खाली. उपाशी राहायला पुण्यात जागा भरपूर आहे, तिथे राहा.”

दिवाळी झाल्यावर निघायचं ठरलं. मी घरी येऊन कालनिर्णय उघडलं. चढाईचा तिसरा दिवस कार्तिकी एकादशी. विक्रमला सांगायला हवं होतं. पण तो काहीतरी खवचट बोलेल म्हणून गप्प बसले. खजूर आणि दाण्याचे लाडू पिशवीत भरले, म्हटलं, आपलं आपण बघू.

तिथे पोचलो आणि पहिल्या पावलापासून पाऊस. पहिला सबंध दिवस जंगलातला. चिखल इतका की बूट आत गेला की पाय वर यायचा, बूट यायचा नाही. वाटेवर झाडांची मुळं, मुळांवर शेवाळ, आणि वरून ते थेंब. पाऊस थांबला तरी झाडं थांबत नव्हती. “काकू, माझे शूज ऑफिशियली गेले,” शेफाली ओरडायची. आमचा वाटाड्या इमॅन्युएल मागं वळून म्हणायचा, “पोले, पोले.” म्हणजे हळू, हळू. शकीलभाई म्हणाले, “याला आपल्या लक्ष्मी रोडवर आणा, तिथे सगळे आपोआप पोलेच चालतात.”

ओझी वाहणारी माणसं गात चढत. एक जण ओळ टाकी, बाकीचे ती उचलून धरीत. मला एवढं गोड वाटलं! डोक्यावर तंबू, पायाखाली राड, आणि गळा मोकळा. सर्जेराव तर त्यांच्या मागं ताल धरूनच चालायचे. ती माणसंही त्यांना बघून दात काढून हसायची.

पण मला झोप नव्हती. तंबूवर पाऊस, अंगात ओल, आणि मनात ती तिसऱ्या दिवसाची तिथी.

तिसऱ्या दिवशी सकाळी जेवणाच्या तंबूत बसलो होतो. आता झाडं संपली होती, सगळीकडे काळा लाव्हाचा दगड आणि धुकं. त्या दिवशी साडेचार हजार मीटरच्या वर जायचं होतं, तोवरचा सगळ्यात लांबचा टप्पा. मी उकडलेले बटाटे आणि खजूर खाल्ले, ताट रिकामं दाखवलं. आणि बघते तर समोर सर्जेराव टेबलाखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत आपली लापशी ओतताहेत.

बाहेर आल्यावर मी त्यांना गाठलं. “सर्जेराव, बटाटा तरी खा. उपासाला चालतो.”

“कार्तिकीला आमच्यात पाण्याशिवाय काय न्हाय. आजोबापासनं. मी तर आत्तापातुर एक चुकवली न्हाय.”

“आणि विक्रमला कळलं तर?”

“तुम्ही सांगाल तर कळंल.” मग हात जोडले त्यांनी. “ताई, सूनबाईला शब्द दिलाय, तिथं उपास करणार न्हाय म्हणून. तो मोडला. तुम्ही तरी शब्द द्या. उद्या बारशीला सकाळीच पारणं फेडतो, मग बघा कसा जेवतो. आज कळलं तर हा पोरगा मला खाली धाडंल, आणि मला पुन्हा इथं कोण आणणार?”

एकादशीचा दिवस, समोर हात जोडलेला माळकरी माणूस. दिला मी शब्द. इतका बरा वाटला तो देताना! जणू मीच काही पुण्य करतेय.

चालू लागलो. विक्रम आणि शेफाली पुढं, मधे शकीलभाई, सगळ्यात मागं सर्जेराव, मी आणि इमॅन्युएल. पाऊस बारीक, पण थांबायचं नाव नाही. दोनेक तास गेले असतील. सर्जेराव पाणी प्यायला थांबले तेव्हा त्यांच्या खिशातून गोळ्यांची डबी निघाली. वारांची नावं असलेले सात कप्पे. मंगळवारचा कप्पा रिकामा.

“सर्जेराव, साखरेची गोळी घेतलीत?”

“घेतली की. सकाळीच.”

“उपाशीपोटी?”

“गोळी म्हणजे काय अन्न हाय का?” ते म्हणाले. “सूनबाईनं वारावार भरून दिल्यात. एक चुकवायची न्हाय म्हणाली.”

त्यांची सून उत्कर्षा माझी विद्यार्थिनी. तिनंच मला एकदा सांगितलं होतं, एकादशीला ती स्वतः डबीतून ती गोळी काढून ठेवते, कारण उपाशीपोटी ती घेतली तर अंगातली साखर एकदम खाली जाते. घरी त्यांना हे करावंच लागलं नव्हतं. त्यांच्या लेखी ती डबी म्हणजे सुनेचा हुकूम. डबीत होती म्हणून घेतली.

आता सांगा, काय करायचं? मी खजूर काढला, “निदान हा तोंडात टाका.” ते नुसते हसले. म्हटलं, “मग मी विक्रमला सांगते.” ते थांबले, माझ्याकडे बघितलं. “ताई, आजच्या दिवशी दिलेला शब्द.” आणि चालू लागले.

मी त्यांच्या मागं चालत राहिले. शकीलभाईंचा निळा रेनकोट पन्नास पावलांवर दिसत होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. दर वळणाला ठरवायची, या दगडापाशी हाक मारते. दगड मागं पडायचा. त्यांचं पाऊल बरं पडतंय ना, बघायची, बरं पडतंय. श्वास मोजायची. नाम घ्यायला लागले तर नामात लक्ष नाही. जिभेवर देव आणि डोळा त्यांच्या टाचेवर. त्यांना वर पोचवायचं की जिवंत खाली न्यायचं, एवढाच प्रश्न होता, आणि मी मधल्या मधे लोंबकळत होते.

मग ते गुणगुणायचे बंद झाले. थोड्या वेळानं आपणहून हसले. नंतर मला म्हणाले, “बायडे, गाळा उघडला का?” बायडाबाई त्यांच्या कारभारीण. त्या पुण्यात होत्या.

तोंड बघितलं तर अंगठ्याएवढे घामाचे थेंब. त्या थंडीत! काळ्या खडकाला पाठ लावून ते खाली बसले आणि मान कलली.

तेव्हा ओरडले मी. असा आवाज माझ्या गळ्यातून कधी निघाला नव्हता. शकीलभाई घसरत, पडत खाली आले. इमॅन्युएलनं सर्जेरावांना धरलं. शकीलभाईंनी मानेला हात लावला. “थंड घाम. यांनी खाल्लं नाही काय? ताई, गोळी घेतली का यांनी?”

उपास, गोळी, दिलेला शब्द, सगळं सांगितलं. एका दमात. गोळीचं मला कधी कळलं, तेवढं सोडून.

“या अल्ला,” ते म्हणाले. “अहो, मलाही साखर आहे. रमजानच्या आधी डॉक्टरकडे जातो मी, गोळ्यांची वेळ बदलून घेतो. विचारायचं तरी!” बोलता बोलता त्यांनी बॅगेतून ग्लुकोजची पुडी काढली, बाटलीत कालवली आणि सर्जेरावांच्या ओठाला लावली. सर्जेरावांनी दात घट्ट मिटले. अर्धवट शुद्ध, पण तोंड उघडेना. “एकादशी,” एवढंच म्हणाले. शकीलभाईंनी विनवलं, दरडावलं, शेवटी रडकुंडीला आले. “ओ सर्जेराव, उद्या भांडा माझ्याशी, आत्ता प्या!” पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं.

मला कुठून सुचलं ते सांगता येणार नाही. मी त्या चिखलात त्यांच्यासमोर बसले आणि गजर धरला. इथे शेवटी आपण सगळे उभे राहून धरतो ना, तो. माझा आवाज फाटलेला, दम नाही. इमॅन्युएलला एक अक्षर कळत नव्हतं, पण तो टाळ्या वाजवू लागला. ओझं घेऊन मागून आलेली दोन माणसं थांबली, तीही वाजवू लागली. गजर संपवला आणि कोरडं ग्लुकोज चिमटीत घेऊन म्हटलं, “सर्जेराव, कीर्तन झालं. प्रसाद घ्या.”

आणि त्यांचा हात पुढं आला. डोळे मिटलेलेच. उजवा तळवा वर, खाली डावा, जसा इतकी वर्षं याच देवळात येत होता तसा. हातावर ठेवलं, हात तोंडाकडे गेला, मग कपाळाला. पुन्हा दिलं, पुन्हा घेतलं. फसवलं नाही मी त्यांना. मनातून देवापुढे ठेवूनच दिलं होतं. तिसऱ्या वेळेला शकीलभाईंनी बाटली लावली, तेव्हा घोट गिळला गेला.

पंधरा-वीस मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले, आणि मला ओळखलं. मी रडत होते. ते रडत नव्हते.

विक्रम धावत मागं आला होता. त्यानं उपासाचं आणि गोळीचं ऐकलं. ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. “काका, आज कॅम्पपर्यंत धरून नेतो. उद्या सकाळी तुम्ही खाली,” एवढंच म्हणाला. मग माझ्याकडे वळला. “ताई, तुम्हाला माहीत होतं? कधीपासून?”

“आत्ताच कळलं,” मी म्हटलं.

हो. खोटं बोलले. एकादशीच्या दिवशी.

सर्जेरावांनी ते ऐकलं. माझ्याकडे बघून सावकाश म्हणाले, “ताई, शब्द दिला होता.” कोणता शब्द, ते विक्रमला कळलं नाही.

बारशीला सकाळी ओझेवाल्यांतला एक जण, इमॅन्युएलचा भाऊ, त्यांना खालच्या वाटेनं घेऊन गेला. पारणं सुटलं की नाही, मला माहीत नाही. मी तंबूच्या फटीतून त्यांची पाठ बघत होते. मी पुढं गेले. शिखरावरही गेले. बर्फ पडत होतं, शेफाली आनंदानं नाचत होती, फोटो निघाले. माझा पाय तिथे ठरेना. कधी एकदा उतरते असं झालं होतं.

पुण्यात आल्यावर उत्कर्षा घरी आली, नारळ-साडी घेऊन. “बाई, तुमच्यामुळे बाबा परत आले,” म्हणून पाया पडली. मी तिला उठवलं, चहा केला, आणि ती गेल्यावर साडी तशीच कपाटात ठेवली. अजून घडी मोडलेली नाही.

मग मार्केट यार्डात गेले. सर्जेराव गाळ्यावर होते. खुर्ची दिली, चहा मागवला, हमालांशी बोलत राहिले. मी उठले तेव्हा म्हणाले, “या हां, मॅडम.”

मॅडम!

शब्द मोडला म्हणून ते रागावलेत, असं शकीलभाईंना वाटतं. “उतरेल हो, वेळ द्या,” म्हणतात. मला तसं वाटत नाही. मला वाटतं, ते दीड तासाबद्दल रागावलेत. गोळीचं कळल्यापासून मी ओरडेपर्यंत दीड तास गेला होता. त्यांचा जीव जात होता, आणि मी माझा शब्द सांभाळत मागून चालत होते. आणि कदाचित ते कशाबद्दलच रागावलेले नसतील, नुसती लाज वाटत असेल. विचारायचं धाडस झालं नाही.

तेव्हापासून ते इथे येत नाहीत. दीड तासाचं मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, तुम्हीच पहिल्या.

पेटी लागली वाटतं. चला, उठते, बुवांना हार घालायचाय. पण आधी माझं मागणं. आज कीर्तनाच्या शेवटी डोळे मिटाल तेव्हा माझ्यासाठी काही मागू नका. सर्जेराव म्हणून एक माणूस आहे, मार्केट यार्डात, त्रेसष्ट वर्षांचा, एकादशी न चुकवणारा. त्याची आठवण काढा. तेवढं कराल ना?