अध्यक्ष खोलीबाहेर गेले
कॅन्ससच्या एका लहानशा कॉलेजात तीस वर्षं इतिहास शिकवणाऱ्या आर्डिथ क्विलनला व्हाइट हाउसमधून फोन आला, तेव्हा तिला वाटलं, विद्यार्थी चेष्टा करतायत. दुसऱ्या दिवशी दुपारी ती खरोखरच तिथल्या लांबलचक टेबलाशी बसली होती.

मिसिसिपी नदीवरच्या एका बंधाऱ्यात जहाजांच्या वाटेचा भलामोठा दरवाजा तडकला होता. ऐन सुगीत मक्याने भरलेल्या शेकडो बोटी खोळंबल्या होत्या. नवे अध्यक्ष वॉल्टन हॉस्टेटर सोमवारीच टीव्हीवर सांगून बसले होते, शुक्रवारी नदी मोकळी होणार.

"होणार ना शुक्रवारी?" त्यांनी विचारलं.

टेबलाभोवतीच्या सगळ्या माना डोलल्या. टोकाला बसलेल्या लष्करी इंजिनिअर कर्नल नॅडीन ब्रॅकेटची मान तेवढी उशिरा हलली. आर्डिथने ते टिपलं.

"बोला प्रोफेसरबाई," अध्यक्ष तिच्याकडे वळले. "रेडिओवर तुमचं भाषण ऐकलं आणि वाटलं, बोलवावं. आधीच्या अध्यक्षांकडून मी काय शिकावं? पण थोडक्यात हं, पाच वाजता पत्रकार येतायत."

तिने रात्रभर जागून बारा पानं लिहिली होती. ती तिने पालथी घातली.

"साहेब, तुम्ही जरा बाहेर जा."

कोणीतरी खोकलं. अध्यक्षांचे मुख्य सहायक ग्रीली अर्धवट उठलेच.

"क्युबात रशियाची क्षेपणास्त्रं सापडली, तेव्हा केनेडी काही बैठकांना मुद्दाम गेले नाहीत," आर्डिथ घाईघाईने म्हणाली. "ते समोर असले की माणसं मोकळेपणी बोलत नसत."

हॉस्टेटर खो खो हसले. "माझ्याच घरातून मला हाकलता होय?"

"पंधराच मिनिटं."

कॉफीचा कप उचलून ते खरंच गेले.

"तर मग शुक्रवार नक्की," ग्रीली म्हणाले.

"कसला नक्की!" ब्रॅकेट उसळली. "बिजागरीसुद्धा गेलीय. तीन आठवडे लागतील. घाईने उघडला तर दरवाजा बोटींवर कोसळेल!"

मग जो गलका उठला! शेतीमंत्री टेबलावर हात आपटत होते, कोणी रेल्वेचे डबे मागत होतं, कोणी नकाशा पसरत होतं. आर्डिथने तीस वर्षं जे पुस्तकांत वाचलं, ते हाताच्या अंतरावर घडत होतं.

अध्यक्ष परतले. सगळं ऐकून त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"कर्नल, हे सोमवारीच का नाही सांगितलंत?"

"सोमवारी तुम्ही विचारलंत कुठे साहेब? तुम्ही सांगितलंत."

"दोष इंजिनिअरांवर ढकलता येईल," ग्रीली कुजबुजले.

"क्युबावर हल्ल्याची बे ऑफ पिग्जची मोहीम फसली तेव्हा—" आर्डिथला राहवेना.

"केनेडींनी जबाबदारी स्वतःवर घेतली," अध्यक्षांनीच वाक्य पुरं केलं. "तेवढं मीही शिकलोय, बाई."

पाच वाजता ते कॅमेऱ्यांपुढे उभे राहिले. "शुक्रवार मी म्हणालो होतो. चूक माझी. तीन आठवडे लागतील, तोवर जमेल तेवढं धान्य रेल्वेने जाईल."

प्रश्नांचा भडिमार सुरू झाला. मागे भिंतीशी उभ्या आर्डिथने ब्रॅकेटचा दंड गच्च धरला होता.

"बाई, हात सोडा, मोडेल," ब्रॅकेट हसत म्हणाली.

विसाव्या दिवशी दरवाजा उघडला. ब्रॅकेटचा फोन आला तेव्हा आर्डिथ वर्गात होती. पलीकडून बोटीचा भोंगा ऐकू आला, तसा तिने फोन उंच धरला आणि ओरडली, "पोरांनो, ऐका!"