गोदामातला भोंगा

भोंगा वाजला तेव्हा पिंपांवर चिठ्ठ्या चिकटवणारी गोपिकाबाई कारखान्याच्या जिन्यावर होती. मागून माणसांचा लोंढा आला, कोणाचा तरी धक्का लागला आणि ती खालपर्यंत गडगडत गेली. मांडीचं हाड मोडलं. पिंपांच्या गोदामात झालं काहीच नव्हतं. विजेचा दाब कमीजास्त झाला की तो भोंगा आपला आपणच कोकलायचा.

नागपूरबाहेरच्या त्या कारखान्यात युरेनियमवर काम चाले, आणि रुपराव मेश्राम तिथले सुरक्षा अधिकारी होते. संध्याकाळी ते दवाखान्यात गेले. गोपिकाबाईचा पाय वजन लावून टांगला होता.

"साहेब, खरंच काही होतं का जी तिथं?"

"काहीच नव्हतं, बाई."

तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एकेक खोली नव्याने तपासायला घेतली. मागच्या दालनात धोका खरा होता. तिथला समृद्ध, म्हणजे तीव्र केलेल्या युरेनियमचा द्राव मुद्दाम अरुंद नळ्यांत ठेवत. तो चुकून एखाद्या रुंद भांड्यात गेला असता, तर साखळी प्रक्रिया सुरू होऊन क्षणात जीवघेणे किरण सुटले असते. तिथे भोंगा हवाच होता. गोदामातली भुकटी मात्र जमिनीतून निघालेल्या साध्या युरेनियमची. कितीही पिंपं रचली, पाण्यात बुडाली, तरी तिथे तसला अपघात होणं शक्य नव्हतं. शिवाय खोट्या हाकांना कंटाळलेली काही माणसं आता भोंगा वाजला तरी चहा संपवूनच उठत. रुपरावांना खरी भीती वाटली ती त्याची.

अधीक्षक मनोहरराव मुळात भला माणूस. पण भोंगा लावणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही, काढणाऱ्याला विचारतात, असं त्यांचं म्हणणं पडलं. उलट आणखी दोन लावून टाकू, म्हणाले.

"लावा, पण मंग खरा वाजंल तवा कोणी उठणार नाही," रुपराव म्हणाले. "गोदामातला काढू द्या. सही माझी."

"आणि उद्या काही झालं तर?"

"तर पहिला मीच सापडीन. माझं टेबल तिथंच नेऊन राहिलो."

वरच्या समितीनं महिनाभर कीस काढला आणि मग मान्यता दिली. गोदामातला भोंगा उतरला. मागच्या दालनात किरण टिपणारी तीन यंत्रं बसली. त्यांतल्या दोहोंचं एकमत झालं तरच भोंगा वाजणार. जिना रुंद झाला. न ढकलता बाहेर कसं पडायचं, हे रुपरावांनी माणसांकडून इतक्यांदा करवून घेतलं, की लोक त्यांना पाहिलं की हसत दाराकडे चालू लागत. पण चालत, पळत नाही.

टेबलाची गोष्ट नागपुरातल्या नंदनवन वस्तीत, त्यांच्या घरी, बायको मनकर्णाला कळली. त्यानंतर कितीतरी दिवस ती कारखान्याची बस नजरेआड होईपर्यंत फाटकाशी उभी राहत असे.

थंडी सरून उन्हं तापू लागली तेव्हा गोपिकाबाई काठी टेकत कामावर आली. भिंतीवर भोंग्याच्या जागी रंगाचा फिकट चौकोन राहिला होता, तो तिनं पाहिला. खाली कागदांत डोकं घालून बसलेले साहेब पाहिले.

"तुम्ही इथंच बसता जी?"

"हो. काहून?"

"काही नाही."

तिनं आपलं स्टूल ओढत आणून त्यांच्या टेबलाशेजारी ठेवलं, दुखरा पाय सावकाश पुढे पसरला आणि पिंपांच्या चिठ्ठ्यांना डिंक लावू लागली. रुपरावांनी मान वर न करता टेबलावरचा पंखा थोडा तिच्याकडे वळवला.