खिशातून गेलेले मूत्राशय

मित्रांनो, मी एक जुना नमुना आहे. हसू नका. माणसाला कोणी 'नमुना' म्हटले तर त्याला राग येतो, पण माझे तेच काम आणि तीच ओळख. माणसाच्या पोटात लघवी जिथे तयार होते, जिथे साठते आणि जिथून बाहेर जाते, तो सगळा रस्ता प्लास्टिकमध्ये ओतला की जे होते, ते मी. वर दोन मूत्रपिंडे, त्यांच्यापासून खाली उतरणाऱ्या दोन नळ्या, मधोमध मूत्राशय आणि त्याच्या खाली अक्रोडाएवढी प्रोस्टेट ग्रंथी. माझा प्रत्येक भाग सुटा होतो. मूत्राशय तर डबीसारखे दोन फाकांत उघडते.

कारखान्यात माझे रंगकाम चालू असताना एक रंगारीण दुसरीला म्हणाली, "हे भोपळ्यासारखं काय आहे गं?" दुसरी म्हणाली, "कोणास ठाऊक! पण तुकतुकीत दिसलं पाहिजे." मी कशासाठी जन्मलो हे मला घडवणाऱ्यांनाच माहीत नव्हते, तर मला कुठून कळणार? माझा गोंधळ तिथूनच सुरू झाला.

पुढे काही वर्षे मी वैद्यकीय महाविद्यालयात होतो. विद्यार्थी माझे भाग काढत, चुकीच्या जागी बसवत आणि बोलणी खात. तिथेच शिकलेल्या एका डॉक्टरबाईंनी मूत्रमार्गाच्या कॅन्सरचा विभाग सुरू केला, तेव्हा त्या मला मागून घेऊन आल्या. त्यांच्या टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात मला जागा मिळाली. शेजारी नाक पुसायच्या कागदांचा डबा होता. समोर दोन खुर्च्या आणि भिंतीला लागून पांढरा कागद अंथरलेली खाट.

मित्रांनो, त्या खोलीत मी पार चक्रावून गेलो. डॉक्टरबाई माझ्या मूत्रपिंडावर बोट ठेवून हळू आवाजात काही सांगत, आणि समोरचा माणूस पांढराफटक पडे. तासाभराने त्याच मूत्रपिंडावर, त्याच जागी बोट ठेवत, आणि दुसरा माणूस हुश्श करून हसे, कारण त्याची गाठ लहान होती आणि तेवढीच काढून मूत्रपिंड वाचणार होते. एकच जागा, एकच बोट. मग एक रडतो आणि एक हसतो, हे कसे? शिवाय दार लोटून गेलेल्या माणसाचे पुढे काय झाले, ते मला बहुतेक वेळा कळतच नसे.

एका माणसाचे मात्र कळले. त्याचीच गोष्ट सांगतो.

तो बसचा ड्रायव्हर होता. वय छप्पन्न. खांदे रुंद, बोलणे मोजके. सोबत त्याची बायको होती. तिच्या मांडीवर कागदांची फुगलेली फाइल. आठ महिन्यांपूर्वी त्याला लाल लघवी झाली होती. दुखले काहीच नाही, म्हणून तो गप्प राहिला. दोन दिवसांत रंग साफ झाला, म्हणून आणखी गप्प राहिला.

"मला वाटलं, बीट खाल्लं असेल," तो म्हणाला.

"आपल्या घरात बीट कोण आणतं हो?" बायको म्हणाली. "मला सांगितलं असतं, तर मी तेव्हाच ओढत आणलं असतं."

पुढे पुन्हा लाल लघवी झाली, तेव्हा दुसऱ्या एका छोट्या दवाखान्यात दुर्बिणीतून त्याच्या मूत्राशयातली गाठ खरवडून काढली होती. तिथला रिपोर्ट म्हणत होता, कॅन्सर वरवरचा दिसतो. डॉक्टरबाईंनी तो वाचला, काढलेले तुकडे पुन्हा तपासायला मागवले, आणि काही आठवड्यांनी स्वतः परत दुर्बीण घालून खरवडले. या वेळचा रिपोर्ट म्हणत होता, कॅन्सर मूत्राशयाच्या स्नायूत शिरला आहे.

मग बुधवारची बैठक झाली. शस्त्रक्रिया करणारे, औषधे देणारे, किरणांचे उपचार करणारे आणि सूक्ष्मदर्शकाखाली तुकडे पाहणारे असे सगळे डॉक्टर एका टेबलाभोवती बसले. मीही होतो. कागद उडू नयेत म्हणून मला त्यांच्यावर ठेवले होते. मला वाटले होते, एवढी शिकलेली माणसे, पटकन सांगून मोकळी होतील. कसले काय! एक म्हणाले, किरणे आणि औषधे देऊन मूत्राशय वाचवता येईल का पाहू. दुसरे म्हणाले, गाठी एका जागी असत्या तर पाहिले असते, इथे तीन जागी आहेत. तासभर खल झाला. शेवटी ठरले की आधी काही आठवडे सलाइनमधून औषधे द्यायची, आणि मग मूत्राशय काढायचे.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर आणि त्याची बायको त्या दोन खुर्च्यांवर बसले. डॉक्टरबाईंनी माझे मूत्राशय उघडून दाखवले, बाहेर काढून टेबलावर ठेवले. "हे आणि खालची प्रोस्टेट ग्रंथी काढायची. मग आतड्याचा वीतभर तुकडा घेऊन लघवीला नवा रस्ता करायचा. तो पोटावर उघडतो. तिथे एक पिशवी लावायची, ती भरली की रिकामी करायची. समजलं, काका?"

"समजलं," ड्रायव्हर म्हणाला.

"काही विचारायचंय?"

"नाही."

"यांना समजलं असेल," बायको म्हणाली. "मला काही समजलं नाही. परत सांगा."

डॉक्टरबाईंनी परत सांगितले. तेवढ्यात त्यांना शेजारच्या खोलीत बोलावणे आले. बायको फाइलमधले कागद लावण्यात गुंतली होती. मित्रांनो, तेव्हा मी माझ्या डोळ्यांदेखत, म्हणजे मला डोळे असते तर, एक अजब गोष्ट पाहिली. ड्रायव्हरने माझे मूत्राशय उचलले आणि खिशात घातले.

मी सुन्न झालो. मूत्राशय गेले, मग उरले ते मीच का? की मी खिशातून गेलो आणि टेबलावर दुसराच कोणी राहिला? काही उलगडेना. डॉक्टरबाईंनी खणापासून खाटेखालपर्यंत शोध घेतला. मग त्या रुग्णांना समजावताना मूत्राशयाच्या जागी चहाचा कप ठेवू लागल्या. एका आजोबांनी विचारलेसुद्धा, "माझ्या पोटात कप बसवणार का?"

औषधे सुरू करायच्या दिवशी ड्रायव्हर आला नाही. सिस्टरने फोन केले, कोणी उचलले नाहीत. एक आठवडा गेला, दुसरा गेला. तिसऱ्या सोमवारी त्याची बायको एकटीच दारात उभी राहिली. तिने रुमालाची गाठ सोडली. आत माझे मूत्राशय होते.

"बाई, हे तुमचं. यांनी नेलं होतं." शरमेने तिचा चेहरा लाल झाला होता. "रोज सकाळी टेबलावर उघडून ठेवतात आणि बघत बसतात. मी म्हटलं, काय बघता एवढं? तर म्हणाले, एवढंसं तर आहे. हे गेलं की आतली जागा रिकामी राहते का गं? आता मी काय सांगणार?"

"फोन का उचलला नाही?"

"उचलू देत नव्हते. डेपोतला एक जण सांगतो, चाकू लागला की कॅन्सर पसरतो. दुसरा म्हणतो, पहिला रिपोर्ट खरा, तोच धरून बसा. मला तर रात्रंदिवस काही सुचत नाही. काल म्हणाले, पिशवी लागल्यावर तू माझ्या शेजारी झोपशील का? तीस वर्षांत या माणसाने मला इतका वेडा प्रश्न विचारला नव्हता."

"काका आहेत कुठे?"

"खाली गेटपाशी. चोरी केली म्हणून वर यायला तोंड नाही म्हणतात."

डॉक्टरबाईंनी माझे मूत्राशय जागेवर बसवले. "त्यांना सांगा, माझं काम अडलंय. वर या."

तो आला. खुर्चीच्या कडेवर टेकला. या वेळी त्याने दोन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी मांडले.

"एक म्हणतो वरवर, एक म्हणतो खोल. एक बस एकाच वेळी दोन रस्त्यांनी कशी जाईल, बाई? यातलं खोटं कोण?"

"खोटं कोणी नाही," त्या म्हणाल्या. "पहिल्या वेळी जे तुकडे काढले, त्यात स्नायूचा भागच आला नव्हता. आम्ही ते परत पाहिले. ज्या खोलीत आपण शिरलोच नाही, तिथे कोणी बसलेलं नाही असं कसं म्हणणार? दुसऱ्या वेळी आम्ही त्या खोलीत गेलो."

त्याने पहिला रिपोर्ट दुसऱ्याच्या खाली सरकवला. मग म्हणाला, "त्या दिवशी समजलं म्हणालो, तेव्हा मला एक अक्षर समजलं नव्हतं. कानात नुसता घूं आवाज येत होता."

"सगळ्यांचं तसंच होतं. आणि चाकूने पसरत नाही, उशीर केल्याने पसरतो. दोन आठवडे गेलेत, आणखी घालवू नका."

"आणि ती जागा? रिकामी राहते?"

"नाही. आतडी सरकून येतात. पोट जागा मोकळी ठेवत नाही."

"म्हणजे गर्दीच्या बसमधल्या सीटसारखं," तो म्हणाला. बायको हसली, आणि हसता हसता डब्यातला कागद ओढून तिने डोळे पुसले.

औषधांनी त्याचे केस गेले, तोंडाची चव गेली, पण तो आला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सिस्टर पोटावर पिशवीची जागा आखायला बसली. तिने त्याला उभे केले, वाकवले, बसवले. मग म्हणाली, "काका, गाडी चालवताना बसता तसे बसा." त्याने हवेत स्टिअरिंग धरले, पाय पुढे रोवले. सिस्टरने पट्टा कुठून जातो ते विचारले, पोटाला घडी कुठे पडते ते पाहिले, आणि दोन्ही चुकवून शाईची खूण केली. त्या वेळी पहिल्यांदा त्याच्या खांद्यांतला ताण सैल झाला. पुन्हा गाडीवर बसणारा माणूस म्हणून आपल्याकडे कोणी पाहते आहे, हे त्याला दिसले असावे.

ऑपरेशन सात तास चालले. तीन आठवड्यांनी तो परत आला, तेव्हा निम्मा झाला होता. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट वाचला. "कडा निगेटिव्ह आहेत."

दोघांचे चेहरे खर्रकन उतरले.

"अहो, निगेटिव्ह म्हणजे चांगलं! काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सर सापडला नाही."

"मग चांगलं आहे असं सरळ लिहीत का नाहीत?" बायको कडाडली. डॉक्टरबाईंनी पेन घेऊन रिपोर्टच्या कडेला 'चांगले' असे लिहिले.

वर्षभराने तो तपासणीला आला. आता तो डेपोत नव्या ड्रायव्हरांना शिकवत होता. स्कॅन साफ होता. त्याने विचारले, "म्हणजे मी बरा झालो?"

"आज काही दिसत नाही. सहा महिन्यांनी परत बघू."

तो गोंधळला. "हे हो झालं की नाही?"

"आजच्यापुरतं हो झालं," बायको म्हणाली. "उठा आता."

मित्रांनो, आता डॉक्टरबाईंच्या टेबलावर मोठा पडदा आला आहे. त्यात मूत्रपिंडे गोल फिरतात, रंग बदलतात. मी कपाटात आहे. माझी डावी नळी तुटली आहे आणि बिजागरी कुरकुरते. एवढी वर्षे माणसाच्या पोटातला रस्ता दाखवूनही माणूस मला पुरता समजला नाही. हात मोडला तर तो चारचौघांत सांगतो, मग लघवीतले रक्त का लपवतो?

माझ्यावरची धूळ पुसायची काही घाई नाही. पण तुमच्या घरातले कोणी न्हाणीघरातून गप्प होऊन बाहेर आले, उगाच जास्त पाणी पिऊ लागले, डॉक्टरचे नाव काढताच विषय बदलू लागले, तर जवळ बसा आणि विचारा. "काही नाही" असे उत्तर आले, तर तिथून उठू नका. पुन्हा एकदा विचारा.