पंखा आणि पन्नास वॉट

मित्रांनो, टेकडीवरच्या इंटरनेट टॉवरकडे बघताना तुमची मान वर जाते. जरा खालीही बघा. पायथ्याशी पत्र्याची पेटी आहे. तिच्यातल्या चार बहिणींपैकी मी एक, म्हातारी बॅटरी. कौतुक वर चढतं आणि ओझं खाली उतरतं, ही जगाची रीतच आहे.

जन्म माझा कारखान्यातला, पण नशीब लिहिलं एका ताईने, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. टॉवरला वीज सौर पट्ट्यांतून, उन्हावर मिळणार होती आणि तिची आखणी ताईकडे होती. वर इंटरनेटच्या लहरी फेकणारे तीन रेडिओ, खाली त्यांना एकमेकांशी जोडणारी स्विच नावाची डबी. मिळून पन्नास वॉट. दोन दिवस ऊन पडलं नाही तरी दरीपलीकडच्या दवाखान्याचं इंटरनेट चालायला हवं. हिशोब जुळला आणि ताईने दुप्पट बॅटऱ्या मागवल्या.

"चार कशाला? दोनांत भागतंय की!" टॉवरवर चढणारे काका म्हणाले.

"काका, बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही. आयुष्य जातं तिचं."

माझ्या आयुष्याची काळजी करणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटत होतं!

पाच वर्षं सुखात गेली. मग जागेचे मालक आप्पा यांना शेजारच्या खोलीत उकडू लागलं. "अरे, एक पंखा लाव. पंख्याने असं काय होतंय?" ते काकांना म्हणाले. जागा आप्पांची, चहाही आप्पांचा. नाही कोण म्हणणार? काकांनी तार जोडून दिली आणि ताईला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे काय, ते तुम्हाला कळतंच. तुमचाही गृहपाठ असाच राहून जातो.

पंखा एकटाच साठ वॉट खायचा. ऊन होतं तोवर कुणाला पत्ता लागला नाही. मग आभाळ भरलं. दुसऱ्याच दुपारी आम्ही निम्म्याजवळ आलो. घरी मोबाइलवर आमचा घसरता आकडा बघून ताई धापा टाकत टेकडी चढली, मागोमाग काका. पेटीत एक तार जास्त होती.

"काका, ही कुणाची?"

काका उगाच टॉवरच्या टोकाकडे बघू लागले. "आप्पांचा... पंखा आहे तो."

तेवढ्यात दवाखान्यातल्या नर्सबाईंचा फोन आला. "ताई, आपल्या गावातल्या सुतारांच्या छातीत जोराची कळ आलीये. मोठे डॉक्टर शहरातून पडद्यावर बघून सांगतायत. नेट तोडू नका हं!"

ताईने पंख्याची तार उपटली, पण उशीर झाला होता. निम्म्यावर आलो की वीज आपोआप तोडणारं यंत्र तिनेच बसवलं होतं, आमच्याच जिवासाठी. त्याचा लाल दिवा लुकलुकू लागला. तिचा हात क्षणभर थांबला. मग यंत्राला वळसा घालून तिने तार थेट आम्हाला जोडली.

"माफ करा गं बायांनो," ती पुटपुटली.

आम्ही वीज देत राहिलो. सुतारांना हलवायचं नव्हतं, डॉक्टर दर तासाला पडद्यावर येत होते आणि ऊन काही येत नव्हतं. ते चौथ्या दिवशी पडलं. तोवर आम्ही तळ गाठला होता, आणि सुतार उठून बसले होते.

आप्पा घामाघूम होऊन टेकडीवर आले. "पंखा जड पडतो, हे मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलंत कुणाला?" ताई म्हणाली. आप्पांनी मान खाली घातली. काकांनी तर आधीच घातली होती.

माझ्यात आता पहिल्याच्या पावभरही वीज मावत नाही. उद्या मला वितळवायला नेणार आहेत. तक्रार नाही, कामी आले. मित्रांनो, एवढं मात्र ऐका. मुकाट्याने राबणाऱ्यावर आणखी एक भार टाकण्याआधी त्याचा हिशोब ठेवणाऱ्याला विचारा. आम्हाला नाही म्हणता येत नाही. आम्ही देत राहतो आणि एक दिवस संपतो.