चंद्रावरच्या विहिरीची सहा मिनिटं

मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. काळी, चौकोनी, पोटात दोन चाकं आणि त्यांच्यावर गुंडाळलेली पाव किलोमीटर फीत. ही फीत आता एका जागी तुटली आहे, म्हणून मी कुठल्याच यंत्रात चालत नाही. तरी बोलते आहे. कशी, ते विचारू नका. मी थापा मारते हे लातूरच्या निम्म्या कपाटांना ठाऊक आहे. माझ्या शेजारी डांबराच्या गोळ्या असायच्या, त्यांना मी सांगायचे की मी सत्तेचाळीस वेळा चंद्रावर जाऊन आले. त्या बिचाऱ्या ऐकून ऐकून झिजल्या.

पण मित्रांनो, आज सांगणार आहे त्यातला चंद्र तेवढा खोटा आहे. बाकी खरं.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. जन्मले तेव्हा मी कोरी होते. लातूरच्या हनीफभाईंचा मेहुणा दुबईला सुतारकाम करायचा. तिथल्या टीव्हीवर एका सुट्टीला जुना काळा-पांढरा इंग्रजी चित्रपट लागला, तो त्यानं माझ्यावर उतरवला आणि मला गंजीफ्रॉकात गुंडाळून भावजींकडे पाठवलं. चित्रपटात चार माणसं अग्निबाणातून चंद्रावर जातात. तिथं त्यांना एक विहीर सापडते. एकजण काठावर वाकून हाक मारतो, आणि खालून उत्तर येतं. बस, एवढंच. पण ती विहीर पाहिली की पोरं आयांच्या पदराखाली जायची.

हनीफभाईंची व्हिडिओ लायब्ररी होती. गणपतीच्या दहा दिवसांत ते टीव्ही आणि मशीन जीपमध्ये घालून गावोगाव खेळ करायचे. इंग्रजी कुणाला कळणार? मग ते हातात माइक घेऊन स्वतःच सगळं सांगायचे. चंद्रावरचे साहेब त्यांच्या तोंडून अस्सल लातुरी बोलायचे. पाचव्या दिवशी घसा बसायचा. शेवटी त्यांनी युक्ती केली. मशीनवर एक बटण होतं. चित्र तसंच ठेवून आवाज बदलायचं. ब्याण्णव सालच्या गणपतीत, तेरणा नदीकाठच्या एका गावात, मारुतीच्या पारावर खेळ चालू असतानाच त्यांनी आपलं सांगणं माझ्यावर भरून घेतलं. इंग्रजी पुसलं गेलं, हनीफभाई कायमचे आत आले.

त्यांच्याबरोबर सगळं गावही आत आलं. माइक उघडाच होता. बायकांचं हसणं, म्हाताऱ्यांचं खोकणं, कुणाच्या तरी लेकराचं रडणं, सगळं माझ्या फितीवर बसलं. हनीफभाई चिडले. मी मात्र फुगले. तोवर माझ्यात चार साहेब होते, आता अख्खं गाव राहायला आलं होतं.

पुढच्या वर्षीही त्या गावानं मलाच मागवलं. विसर्जन झालं. पोरं म्हणाली, उद्या विहीर परत दाखवा. हनीफभाईंना मशीन घेऊन लातूरला जायचं होतं. मंडळाचे महादेवप्पा, मोठ्या मुंडाशाचा धिप्पाड माणूस, त्यांनी मला उचलून आपल्या पत्र्याच्या पेटीत ठेवलं.

"कॅसेट माझ्यापाशी राहू दे," ते म्हणाले. "म्हंजी तू उद्या येशील."

"अरे येतो म्हणलो ना आप्पा."

"तू लई ठिकाणी येतो म्हणतोस."

हनीफभाई हसत जीपमध्ये बसले.

त्या पहाटे जमीन हलली. मी पेटीत होते, म्हणून मी काही पाहिलं नाही, आणि जे ऐकलं ते लहान मुलांना सांगण्यासारखं नाही. दगड-मातीचं घर पेटीवर बसलं. मग खूप शांतता झाली. मग पाऊस आला. पेटीच्या फटीतून ओल माझ्यापर्यंत पोचली.

आणि मग वरून हाक आली.

"कोण हाय खाली?"

मी तो आवाज ओळखला. तो आवाज माझ्याच पोटात होता. चित्रपटातल्या विहिरीवर हनीफभाईंनी हेच शब्द घातले होते, आणि माझ्या फितीवर त्याच्यापुढं सगळ्या गावाचं उत्तर होतं. मित्रांनो, कॅसेटला गळा नसतो. तिला यंत्र लागतं. वर हनीफभाई ढिगाऱ्याढिगाऱ्यावर फिरत तेच विचारत होते, आणि मी खाली उत्तर गुंडाळून गप्प पडले होते.

चौथ्या दिवशी पेटी निघाली. महादेवप्पांनी म्हटलं होतं तसे हनीफभाई आले होते. त्यांनी मला सदऱ्याला पुसलं. लायब्ररी बंद केली. मला कपाटावर टाकलं आणि पुढं पंचवीस वर्षं माझ्याकडे वर मान करून पाहिलं नाही.

खाली लातूर बदलत गेलं, ते मला आवाजावरून कळायचं. सायकली वाढल्या, पोरं रस्त्यानं सूत्रं पाठ करत जाऊ लागली. गल्लीत क्लास, क्लासच्या वर होस्टेल, होस्टेलच्या खाली झेरॉक्स. हनीफभाईंनीही झेरॉक्सचंच दुकान टाकलं. त्यांची मुलगी मुबश्शिरा भूकंपानंतर जन्मली. ती एका क्लासमध्ये सरांचे तास चित्रित करून कॉम्प्युटरवर चढवायची, फाइली लहान करून मुलांच्या मोबाइलवर पोचवायची. उरलेल्या वेळात तिला एकच नाद: जुने अग्निबाणांचे चित्रपट. जगभरातले असलेच नादिष्ट लोक इंटरनेटवर एकत्र जमून फाटक्या चित्रपटांचे तुकडे जोडत बसायचे. त्यात पोलंडचा एक निवृत्त पोस्टमनही होता. त्यानं एकदा लिहिलं की चंद्रावरच्या विहिरीची सहा मिनिटं जगात कुणाकडेच नाहीत, सगळ्या प्रतींमधून कापली गेली आहेत.

माझ्या पाठीवर अब्बांच्या अक्षरात 'चंद्रावरची विहीर' असं लिहिलेलं मुबश्शिरानं लहानपणीच वाचलं होतं. तिनं कपाटावर हात घातला.

माझ्यावर बुरशी होती. तिनं मऊ कापडानं इंचइंच पुसली. जुनं मशीन दुरुस्त करून मला कॉम्प्युटरमध्ये उतरवलं. सहा मिनिटांची नऊ हजार चित्रं होतात. एकेक उघडून तिनं त्यांच्यावरचे ठिपके, ओरखडे काढले. चंद्र असा लख्ख झाला की मलाच ओळखू येईना. एवढं माझं कधी कुणी केलं नव्हतं.

मग तिनं आवाजाला हात घातला, आणि तिथं चूक झाली. क्लासमध्ये सरांचा आवाज ठेवायचा आणि मुलांचं खोकणं, कुजबुज, पंख्याची घरघर उडवायची, अशी तिची रोजची बसवलेली सोय होती. एक बटण दाबलं की सर उरतात, वर्ग जातो. तिनं तेच बटण माझ्यावर दाबलं. आणि क्लासची आणखी एक शिस्त: साफ फाइल झाली की कच्ची पुसून टाकायची, जागा अडते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पार्वतम्मा डबा घेऊन दुकानात आल्या. त्या महादेवप्पांची बायको. भूकंपाच्या वेळी जळकोटला माहेरी होत्या, म्हणून घरात त्या एकट्याच वाचल्या. लातुरात होस्टेलच्या मुलांना डबे पुरवायच्या. पडद्यावर चंद्र चालू होता.

"महादेवप्पा, खाली बस," हनीफभाईंचा तरुण आवाज म्हणाला. "तुझ्या मुंडाशानं चंद्र झाकला."

पुढं शांतता. पार्वतम्मांच्या हातातला डबा हातातच राहिला.

"आन् त्यांचं उत्तर कुठं गेलं?"

"कुणाचं, मावशी?"

"माझ्या मालकाचं. ते बोलले होते की. मी पाराखाली बसलेली होते."

मुबश्शिरा गोंधळली. "मागं नुसता कालवा होता मावशी. तो काढून टाकला मी."

"काय बोलले ते पाठ हाय मला," पार्वतम्मा म्हणाल्या. "आवाज इसरले. घरात फोटू हाय. आवाज कशातच न्हाई."

मुबश्शिरानं कच्ची फाइल शोधली. ती तिनं स्वतःच पुसली होती. तिचा चेहरा उतरला. राहिले मी एकटी, आणि मी कशी होते? काठ मुडपलेला, विहिरीपाशी फीत चुरगळलेली.

"अब्बा, परत लावू?"

हनीफभाई कागदाचे गठ्ठे सरळ करत होते. "नको."

"का?"

"तुटंल ती."

"अब्बा."

"मी नाही ऐकणार ते," ते हळू म्हणाले. "त्या वेळी मी तीन दिवस तेच विचारत फिरलो. एकजण बोलला नाही."

पार्वतम्मांनी डबा खाली ठेवला. "हनीफभाई, तुम्ही तरी इच्यारलं. मला ते बी मिळालं न्हाई. म्या माहेरी लाडू वळत बसले होते."

 मग हनीफभाई उठले. चष्मा लावला, मला मशीनमध्ये घातलं, वरचं झाकण काढून फितीच्या काठाशी आपलं बोट धरलं.

"एकदाच चालंल ही."

"एकदाच पुरं," पार्वतम्मा म्हणाल्या. मुबश्शिरानं मशीन कॉम्प्युटरला जोडलं.

मी चालले. आयुष्यात एवढी जपून कधी चालले नव्हते. गाव पुन्हा पारावर बसलं. बायका हसल्या, लेकरू रडलं.

"महादेवप्पा, खाली बस. तुझ्या मुंडाशानं चंद्र झाकला."

आणि माझ्या पोटातून तो भरदार आवाज आला: "झाकू दे. त्यो रोज दिसतोय. मी काय रोज दिसतो का?"

सगळं गाव हसलं. पार्वतम्मा हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. पडद्याकडे बघत त्यांनी डोक्यावरचा पदर तेवढा सारखा केला.

विहीर आली. फीत करकरली. माणूस काठावर वाकला. हनीफभाईंचा तरुण आवाज म्हणाला, "कोण हाय खाली?" म्हाताऱ्या हनीफभाईंनी फितीवरचं बोट काढलं नाही.

"आमी हाव की," सगळं गाव एकदम म्हणालं.

त्यानंतर दोन चित्रं गेली असतील, आणि मी तुटले.

मुबश्शिरानं ह्या वेळी आवाजातलं काहीच साफ केलं नाही, तसंच इंटरनेटवरच्या मंडळींना पाठवलं. पोलंडच्या पोस्टमननं विचारलं, विहिरीत एवढी माणसं कुठून आली? तिनं एकेक आवाज पार्वतम्मांना विचारून त्याच्याखाली नाव लिहिलं. हा महादेवप्पांचा, ही नागम्मा, हे खोकणारे शेषेराव. एका लेकराचं नाव पार्वतम्मांना आठवेना. तिथं 'लेकरू' असंच लिहिलं आहे.

हनीफभाई रोज दुपारी एकदा ती सहा मिनिटं लावतात. गिऱ्हाईक थांबतं, झेरॉक्स थांबतं. ते विचारतात, आणि उत्तर येतं.

मी काचेच्या डब्यात, झेरॉक्सच्या कागदांशेजारी असते. कागदांना मी अजूनही सत्तेचाळीस सांगते. ते मान डोलवतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं काही जुनं, कळकट पडलेलं असेल. ते जरूर साफ करा. पण पुसण्याआधी एकदा त्याच्यावर वाका आणि विचारा, कोण आहे खाली. आणि लगेच उठू नका. खालच्यांना उत्तर द्यायला थोडा वेळ लागतो.