राणीसाहेबांचे दालन

सभागृहाच्या दाराशी येऊन दिनकरराव खाकरले.

टेबलाच्या पलीकडे आपल्या संगणकात डोके घालून बसलेली उत्तरा हसू लागली. "बाबा, आत कोणी नाहीये. अख्खा राजवाडा रिकामा आहे."

"नसेल कोणी. पण घर आहे ना? एकदम आत घुसणं बरं दिसत नाही."

"कोणाला बरं नाही दिसत? खांबांना?"

दिनकररावांनी चष्मा सारखा केला. बाणाची कळ जपून दाबली, तेव्हा पडद्यावरचे ते उंच दार हळूहळू जवळ आले आणि मागे सरले. पुढे शुभ्र कमानींचे दीर्घ सभागृह उघडले. उंचावरच्या गवाक्षांतून ऊन तिरपे उतरले होते आणि त्या उन्हात धुळीचे कण तरंगत होते. हे ऊन आपल्या मुलीने घडवले, ही धूळही तिनेच, या विचाराने त्यांना क्षणभर कळ दाबण्याचे भान राहिले नाही.

राजवाडा इटलीतल्या एका डोंगरी नगरीचा, पाचशे वर्षांपूर्वीचा. मूळ वास्तू तिथे अद्याप उभी होती; परंतु त्या वसंतात साथीमुळे जगाची दारेच बंद झालेली. म्हणून जुनी छायाचित्रे आणि नकाशे समोर ठेवून, झूटरमेर या डच शहरात तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांत बसून, उत्तरा त्याची दालने एका व्हिडिओ गेमसाठी उभारत होती. खेळणाऱ्याने राजाचा निरोप्या व्हायचे आणि वाडाभर हिंडायचे. एका संग्रहालयाने आपल्या प्रदर्शनासाठी हा खेळ करवून घेतला होता.

दिनकरराव फेब्रुवारीत लेकीकडे आले ते तीन महिन्यांच्या बोलीवर. मार्चमध्ये विमाने थांबली आणि तेही थांबले. त्यांची सारी हयात साताऱ्यात वीज मंडळाचे मीटर वाचण्यात गेली होती. मीटर बहुधा ओसरीवर नाहीतर जिन्याखाली. बाहेरून खाकरायचे, "लाईटवाला!" अशी हाक द्यायची, बॅटरीचा झोत आकड्यांवर धरायचा, ते टिपून घ्यायचे आणि पाय मागे घ्यायचे. आतून फोडणीचा वास येई, कोणी पाढे म्हणत असे, कोणी रडतही असे. आतले घर कसे असेल याचे कुतूहल त्यांना कमी नव्हते; उलट फार होते. परंतु नजर मीटरवरून ढळू द्यायची नाही, हा त्यांचा नेम होता. संध्याकाळी घरी आल्यावर पत्नी वीणाताई चिडवीत, "काय हो, आज कोणाकोणाची घरं पाहिलीत?"

"पुष्कळ."

"आणि कशी होती?"

"मीटरपर्यंत छान होती."

वीणाताईंना जाऊन दोन वर्षे होत आली होती.

झूटरमेरमध्ये या नेमाची रोज परीक्षा होई. इथल्या घरांच्या दर्शनी खिडक्या भिंतीएवढ्या आणि त्यांना पडदे नाहीत. संध्याकाळी फिरायला निघाले की रस्त्यावरून जेवणाची ताटेसुद्धा दिसत. दिनकरराव मान खाली घालून चालत.

"इथल्या लोकांना संकोच वाटत नाही का गं?"

"नाही वाटत. आणि कोणी बघतही नाही, बाबा. दिसतं म्हणून बघायचं नसतं."

"मग आपलं आणि यांचं जमण्यासारखं आहे," ते समाधानाने म्हणाले.

असा मनुष्य राजवाड्यात शिरला, तो उत्तराच्या अडचणीमुळे. तिच्या कंपनीत खेळ तपासणारे दोघेही आजारी पडले. तेव्हा तिने जुना लॅपटॉप वडिलांसमोर ठेवला.

"तुम्ही फक्त हिंडायचं. प्रत्येक खोलीत जायचं, भिंतींना धडकायचं, कोपऱ्यात घुसायचं. कुठं अडकलात किंवा पडलात, तर मला हाक मारायची. गुरुवारी म्युझियमच्या बाईंना डेमो आहे. त्यांना आवडलं तर पुढचं काम, आणि काम असेल तर माझं कॉन्ट्रॅक्ट. नाहीतर जूनअखेर बाडबिस्तरा बांधून मी येतेच तुमच्याबरोबर साताऱ्याला!"

ती हे हसत बोलली. दिनकररावही हसले, पण 'तुमच्याबरोबर' या शब्दापाशी त्यांचे मन किंचित घुटमळले. साताऱ्याचे घर आता अतिशय शांत होते.

पुढचे दिवस ते त्या वाड्यात रमले. मुदपाकखान्यातली तांब्याची भांडी त्यांनी न्याहाळली. ग्रंथालयाच्या लाकडी भिंतींवर निरनिराळ्या रंगांची लाकडे जडवून अशी चित्रे केली होती, की कपाट उघडे आहे आणि आत वीणेसारखे वाद्य ठेवले आहे असा भास व्हावा. ते पाहून ते पुन्हा पुन्हा माघारी येत.

"उत्तरा, हे दार खरं की चितारलेलं?"

"चितारलेलं."

"आणि खऱ्या वाड्यातही असंच फसवतं?"

"खऱ्या वाड्यात तर जास्तच."

"म्हणजे मूळचंच फसवं, आणि तू केलेलं त्या फसव्याचं सोंग! शाबास." मोती वेचावेत तशा चुका ते वेचीत. अश्वशाळेच्या जिन्यावर पाऊल अडकते; देवघराच्या कमानीच्या दगडातून निरोप्याचे डोके आरपार जाते. उत्तरा दुरुस्त करी. बुधवारी तिने विचारले, "सगळं पाहिलंत ना?"

"सगळं पाहिलं," दिनकरराव निःशंक मनाने म्हणाले.

गुरुवारी संग्रहालयाच्या त्या वयस्कर डच बाई, उत्तराची प्रमुख मारेइके आणि आणखी काही मंडळी आपापल्या घरून पडद्यावर जमली. दिनकरराव स्वयंपाकघरात चहा करत होते. बाईंनी सभागृह पाहिले, वाहवा केली आणि म्हणाल्या, राणी कुठे निजत असे ते आधी दाखवा. जिन्याच्या माथ्यावर एक दार अर्धे लोटलेले होते. बाई ते ढकलून आत गेल्या, आणि पहिल्याच पावलाला फरशीतून आरपार खाली कोसळल्या. राजवाडा दूर वर राहिला आणि चहूकडे निळी पोकळी. दिनकररावांना भाषा समजली नाही. पण बोलणे थांबले, ते समजले.

बाई हसल्या. मारेइके हसली नाही. सोमवारी पुन्हा दाखवा, कॉन्ट्रॅक्टचे त्यानंतर ठरवू, असे तिने इथल्या रीतीने सरळ सांगून टाकले.

पडदा मिटल्यावर उत्तरा स्वयंपाकघरात आली. "राणीच्या खोलीची फरशी नुसती दिसायला होती, बाबा, पायाला नव्हतीच. माझीच चूक. पण तुम्ही म्हणालात, सगळं पाहिलं."

"पाहिलं की."

"ती खोली?"

"त्या खोलीत कसा जाईन?" दिनकररावांना प्रश्नच नवलाचा वाटला. "दार लोटलेलं होतं. राणीसाहेबांची निजायची खोली ती. परक्या माणसानं..."

"कसली राणीसाहेब! कोणी नाहीये तिथं!" उत्तराचा आवाज चढला आणि मग एकाएकी उतरला. "बाबा, खरं सांगा. मी परत यावं म्हणून तर नाही ना तुम्ही..."

चहा उतू गेला. दिनकररावांनी गॅस बंद केला, ओटा पुसला, फडके पिळून वाळत घातले.

"तू परत यावंस असं मनात आलं होतं," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? रोज येतं. पण त्या दाराशी नव्हतं आलं. तिथं एवढंच वाटलं, की इथून पुढं आपलं काम नाही."

उत्तराने उरलेला चहा कपात ओतला आणि तो त्यांच्यापुढे ठेवला.

रविवारी दुपारपर्यंत तिने फरशी बसवली. मग लॅपटॉप वडिलांकडे सरकवला. "माझी नजर मेलीये आता. तुम्हीच बघा. सगळं म्हणजे सगळं, हं. पलंगाखालीसुद्धा."

"पलंगाखालीसुद्धा," दिनकरराव म्हणाले आणि चष्मा पुसून बसले.

जन्मात प्रथमच ते कोणाच्या तरी घरात शेवटपर्यंत गेले. निळ्या चांदव्याखालचा पलंग, त्याच्या उशाशी पितळी समई वाटावी असा दिवा, भिंतीवर हिरव्या बागेचे चित्र, आणि हात धुण्याचे इतके लहान दगडी पात्र की राणी ठेंगणी असावी. एवढ्या वर्षांचे कुतूहल भागवीत, परंतु पाहुण्याच्या अदबीने, ते भिंतीभिंतीने फिरले. फरशी पक्की होती. पलंगामागे मात्र, जिथे कोणी सहसा जाणार नाही अशा अरुंद जागी, निरोप्याचा पाय घोट्यापर्यंत रुतला. त्यांनी पाय काढला. पुन्हा टाकला. पुन्हा रुतला.

उत्तरा पलीकडे टेबलावर डोके ठेवून डोळे मिटून बसली होती. केस विस्कटलेले, चेहरा आईसारखा. दिनकररावांनी तिच्याकडे काही वेळ पाहिले.

"उत्तरा," त्यांनी हाक मारली. "इथं अजून एक आहे गं."

सोमवारी बाई त्या दालनात पुष्कळ वेळ हिंडल्या, आणि कुठेही पडल्या नाहीत. संध्याकाळी मारेइकेचा फोन आला. कॉन्ट्रॅक्ट वर्षाने वाढले. उत्तराने वडिलांना मिठी मारली, शिरा केला, आणि मग कोणाकोणाला फोन करत गॅलरीत उभी राहिली. मध्येच आत डोकावून म्हणाली, "बाबा, भारतात जाणाऱ्या खास विमानांची यादी आलीये. उद्या तुमचं नाव घालू या?"

"घाल की," दिनकरराव म्हणाले.

ती पुन्हा बाहेर गेली. तिचे हसणे काचेपलीकडून ऐकू येत होते. दिनकररावांनी लॅपटॉप उघडला. आता तपासायचे काही उरले नव्हते. राणीच्या दालनात भिंत इतकी जाड होती, की खिडकीच्या कोनाड्यातच दोन्ही बाजूंना दगडी बैठका कोरलेल्या होत्या, समोरासमोर. दोघांनी बसावे, गुडघे जवळजवळ लागावेत, आणि डोंगर पाहत बोलावे, अशा. त्यांनी निरोप्याला त्यांतल्या एका बैठकीवर बसवले. खाली दरी होती, दरीपलीकडे निळसर डोंगर. उत्तराने त्या वाड्यात दिवस कलता ठेवला होता. ऊन खिडकीच्या कडेवरून हळूहळू सरकले आणि समोरच्या रिकाम्या बैठकीवर येऊन थांबले.